विश्लेषण : बाळंतपणाच्या कळा कमी करणं ही चैन कशी ठरली? भिवंडीत एपिड्युरल मिळायला काय लागतं?

भिवंडीत धामणकर नाक्यापासून कल्याण नाक्यापर्यंत चालत गेलात तर वाटेत प्रसूतिगृहांच्या बऱ्याच पाट्या दिसतात. सोनोग्राफी, सिझेरियन, काचेची पेटी, कॅशलेस. एखाद्या पाटीवर हल्ली आणखी एक ओळ असते, ‘पेनलेस डिलिव्हरी’. आत जाऊन काउंटरवर विचारलं की उत्तर येतं, ‘ते मॅडमना विचारावं लागेल.’ मॅडमना विचारलं की, ‘त्या वेळी भूलवाले डॉक्टर मोकळे असतील तर बघू.’

कळा मात्र कोण मोकळं आहे ते बघून येत नाहीत.

बाळंतपणातली वेदना कमी करायची औषधं नवी नाहीत, आणि ती फार महागही नाहीत. भिवंडीच्या गोदामांतून देशभर औषधांची खोकी जातात, त्यात ही औषधंही असतील. तुटवडा आहे तो रात्री दोन वाजता लेबर रूमच्या आसपास असणाऱ्या भूलतज्ज्ञाचा. तोच डॉक्टर नसेल तर तातडीचं सिझर अडतं आणि आई-बाळाचा जीव धोक्यात येतो. म्हणूनच ‘आधी जीव वाचवा, वेदनेचं नंतर बघू’ हा युक्तिवाद मला पटत नाही. दोन्हींना लागणारा माणूस एकच आहे.

एपिड्युरल म्हणजे नेमकं काय?

भूल म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे बेशुद्ध पडलेली बाई येते. एपिड्युरलमध्ये बाई पूर्ण जागी असते. बोलते, पाणी पिते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. ‘पेनलेस’ हा शब्दही थोडा फसवा आहे, कारण दाब, ताण, बाळ खाली सरकल्याची जाणीव राहते आणि राहायलाही हवी. जाते ती वेदनेची धार.

पिशवीचं तोंड उघडत असताना वेदनेचे संदेश छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवरून मेंदूकडे जातात. बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात ते त्याहून खालच्या नसांतून जातात. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, त्यामुळे मला हे केबलसारखं दिसतं. मुख्य केबलला हात न लावता तिच्या आवरणाबाहेरच्या जागेत औषध सोडायचं आणि ठरावीक तारांमधला सिग्नल मंद करायचा.

बाई कुशीवर वळते किंवा बसून पाठ वाकवते. कमरेच्या दोन मणक्यांमधली जागा आधी बधिर करतात, मग सुई आत जाते. सुईच्या मागे सिरिंज असते आणि तिच्या दट्ट्यावर डॉक्टरचा अंगठा. सुई मणक्यांमधल्या घट्ट पट्ट्यात असेपर्यंत दट्ट्या सरकत नाही. ती नेमक्या जागी पोहोचली की अडथळा एकदम सुटतो आणि दट्ट्या सहज पुढे जातो. बहुतेक ठिकाणी यात स्क्रीन नसते, कॅमेरा नसतो. सगळी भिस्त त्या अंगठ्याला जाणवणाऱ्या फरकावर. इतक्या वर्षांच्या तंत्रज्ञानानंतरही ही गोष्ट हाताच्या सरावावर उभी आहे, हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली आणि थोडी भीतीही.

मग एक बारीक नळी आत ठेवून सुई काढून घेतात. नळीतून ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध, अगदी सौम्य म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास, आणि सोबत थोडं फेंटानिल जातं. नळी बसवायला साधारण २० मिनिटं, गुण यायला आणखी २० मिनिटं. काही ठिकाणी नळीला पंप जोडतात आणि त्याचं बटण बाईच्या हातात देतात. कितीही वेळा दाबलं तरी ठरलेल्या वेळाआधी पुढचा डोस जात नाही, असं कुलूप त्या पंपात असतं.

डोस दिल्यावर पहिली १५-२० मिनिटं दर ५ मिनिटांनी रक्तदाब बघावा लागतो, बाळाचे ठोके बघावे लागतात. म्हणजे नळी बसवून डॉक्टर निघून गेले आणि बाई एकटी, असं चालत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा ठरतो.

‘पाठ कायमची जाते’ हे खरं का?

एपिड्युरलविषयी आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. नळीच्या जागी काही दिवस दुखतं, हे खरं. पण एपिड्युरलमुळे दीर्घकाळाची पाठदुखी वाढते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बाळंतपणानंतर पाठ दुखणं इंजेक्शन न घेतलेल्या बायकांमध्येही सर्रास आढळतं. नऊ महिने पुढे ओढलेलं शरीर, मग वाकून वाकून दूध पाजणं, कडेवर घेणं. दोष मात्र त्या एका सुईला.

दुसरी भीती अशी की एपिड्युरल घेतलं की सिझरच होतं. कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या चाचण्यांचा २०१८ मध्ये आढावा घेतला. त्यात एपिड्युरलमुळे सिझेरियनचं प्रमाण वाढल्याचं आढळलं नाही. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचं प्रमाण जुन्या चाचण्यांत वाढलेलं होतं, पण २००५ नंतरच्या, कमी मात्रेच्या औषधांच्या चाचण्यांत तो फरक उरला नाही. बाळ बाहेर ढकलण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो, काही बायकांना ताप येतो, अंगाला खाज सुटते, रक्तदाब उतरतो. हे सगळं आधी सांगायला हवं.

आणि खरे धोकेही. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या माहितीपत्रकांत आकडे सरळ दिलेले असतात. सुमारे १०० पैकी एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते, कारण सुई आतल्या पडद्याला लागते. त्यावर उपचार आहेत. साधारण १० पैकी एकीला पुरेसा आराम पडत नाही, नळी पुन्हा बसवावी लागते किंवा दुसरं काही द्यावं लागतं. नसेला कायमची इजा १० हजारांत एकीपेक्षाही कमी वेळा. रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील, प्लेटलेट फार कमी असतील, सुई टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर एपिड्युरल देत नाहीत.

यातली एक विसंगती कुणी बोलत नाही. एपिड्युरलला ‘पाठीत सुई नको’ म्हणून नकार देणारं घर सिझर ठरलं की पाच मिनिटांत सही करतं. सिझरची भूलही बहुतेक वेळा पाठीतच देतात. डॉक्टर तोच, पाठ तीच, सुई आणखी आतल्या थरापर्यंत जाणारी. म्हणजे घरच्यांची खरी अडचण सुईशी नसते. बाळासाठी टोचलेली सुई त्यांना चालते, बाईच्या आरामासाठी टोचलेली चालत नाही.

ही सोय कधीपासून आहे?

एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये बाळंतिणींसाठी आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं. वेदना ही देवाची इच्छा आहे, तीत ढवळाढवळ नको, असा आक्षेप तेव्हाही आला, आणि काही डॉक्टरांना ते धोक्याचं वाटलं. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने प्रिन्स लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी रुमालावर टाकलेलं क्लोरोफॉर्म हुंगलं. ते देणारे डॉक्टर होते जॉन स्नो, पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कॉलराचं मूळ पाण्याच्या पंपात शोधणारे. त्यानंतर तिथल्या श्रीमंत घरांतला विरोध बराच मावळला.

त्याच महिन्यात, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे आली. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. राणीच्या देशातून आलेली रेल्वे आपण इतकी आपली केली की आज ठाणे जिल्ह्याचं जगणं तिच्याशिवाय थांबतं. राणीने घेतलेला तो दुसरा आराम मात्र भिवंडीच्या लेबर रूमपर्यंत अजून नीट पोहोचलेला नाही.

आणि हा विषय आपल्या शेजारच्याच गावात एका मुलीने अंगावर काढला होता. आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला जन्मल्या. १४ व्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ १० दिवसांत गेलं. त्यानंतर त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेल्या आणि १८८६ मध्ये पदवी घेतली. प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. १८८७ च्या फेब्रुवारीत, दवाखाना सुरू करण्याआधीच, त्या गेल्या. पहिली भारतीय महिला डॉक्टर म्हणून आपण त्यांचे फोटो दरवर्षी शेअर करतो. त्यांनी अभ्यासाला घेतलेला विषय मात्र त्या पोस्टमध्ये क्वचितच असतो.

मग भिवंडीत अडतं कुठे?

२०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या ७ लाखांहून जास्त होती. आज ती किती असेल याचा अंदाज कोणत्याही यंत्रमागाच्या गल्लीत उभं राहिलं की येतो. शहरासाठी आणि तालुक्यासाठी सरकारी आधार म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. गुंतागुंत झाली की ठाणे, कळवा, नाहीतर थेट मुंबई. मध्ये अंजूर फाटा आणि कशेळीचा रस्ता. तिथल्या ट्रॅफिकबद्दल भिवंडीकरांना वेगळं सांगायला नको.

खासगी प्रसूतिगृहं भरपूर आहेत, पण त्यातली बहुतेक लहान आहेत, आणि लहान प्रसूतिगृहाला पूर्ण वेळचा भूलतज्ज्ञ परवडत नाही. आपल्या निमशहरी भागात भूलतज्ज्ञ फोनवर येतात. सकाळी इथे सिझर, दुपारी तिथे हर्निया, रात्री तिसरीकडे फ्रॅक्चर. एका सिझरला त्यांचा तास-दीड तास जातो आणि त्याचे पैसे ठरलेले असतात. एपिड्युरल एकदा दिलं की पुढचे सहा-आठ तास त्या बाईची जबाबदारी अंगावर. तेवढ्या वेळात तीन शस्त्रक्रिया होतात. डॉक्टरांवर लोभाचा आरोप करणं सोपं आहे, पण मला इथे दोष व्यवस्थेच्या गणितात दिसतो. आठ तासांच्या जबाबदारीला दीड तासाच्या कामाइतकाच भाव असेल तर ते काम कोण घेणार?

माझ्या मावसबहिणीने सातव्या महिन्यातच विचारून ठेवलं होतं. भिवंडीतलंच एक खासगी नर्सिंग होम. ‘हो, देतो ना आम्ही,’ असं उत्तर मिळालं होतं. कळा सुरू झाल्या रात्री साडेअकराला. भूलतज्ज्ञ दुसरीकडे केसमध्ये होते. एकला निरोप आला, अजून वेळ लागेल. कळा मंद वाटतात म्हणून सलाईनमधून कळा वाढवायचं औषध सुरू झालं, आणि त्यानंतरचे तास तिने कसे काढले ते ती अजून नीट सांगत नाही. मावशी मात्र सांगते, ‘आम्ही नाही का काढली चार-चार? पण ही जशी ओरडत होती तसं मी कधी ऐकलं नव्हतं गं.’ पहाटे पाचला बाळाचे ठोके कमी झाले आणि सिझर ठरलं. फोन गेल्यावर भूलतज्ज्ञ २५ मिनिटांत हजर होते. ते आले, चांगलं काम केलं, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण ते २५ मिनिटांत येऊ शकत होते, हे आम्हाला त्या पहाटे कळलं.

त्या रात्रीतली एक गोष्ट सगळीकडे घडते. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन आपल्या लेबर रूममध्ये सहज लावलं जातं. त्याने कळा जोरात आणि जवळजवळ येतात, वेदना वाढते. ते लावताना बाईला विचारण्याची पद्धत फारशी नाही. वेदना वाढवण्यासाठी परवानगी लागत नाही आणि ती कमी करण्यासाठी मात्र नवरा, सासू, बिलाचा काउंटर आणि भूलतज्ज्ञाचं वेळापत्रक अशा चौघांची लागते.

कायद्याचीही एक अडचण होती. फेंटानिल आणि मॉर्फिन ही अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं, त्यांच्या परवान्यांसाठी पूर्वी बरेच हेलपाटे घालावे लागायचे. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक’ औषधांचा वेगळा गट केला आणि प्रक्रिया सोपी झाली. फेंटानिल त्या गटात आहे. म्हणजे हे कारण आता पूर्वीइतकं चालणार नाही.

सिझर वाढण्याशी याचा संबंध काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्राचं एकूण प्रमाण २५.४ टक्के. खासगीतला आकडा इतका फुगण्यामागे पैसा आहे, वेळेची सोय आहे, वाद-खटल्यांची भीती आहे. पण कळांची भीतीही आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. गरोदर मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस राहा. ‘मी तर डॉक्टरांना सांगितलंय, सिझरच करा’ हे वाक्य हमखास दिसेल. अशा मुलीला कुणी ‘हल्लीच्या पोरी नाजूक’ म्हणून मोकळं होतं. तिच्यापुढे पर्याय दोनच ठेवलेले असतात. एक, बारा तास कुणाच्याही मदतीशिवाय सोसणं. दोन, पोट कापून घेणं. तिसरा पर्याय दाखवलाच नाही तर तिने निवडायचं काय?

सिझर ही मोठी शस्त्रक्रिया आहे. टाके, जंतुसंसर्ग, पुढच्या बाळंतपणातल्या गुंतागुंती, आणि पॉवरलूमच्या वस्तीत राहणाऱ्या बाईसाठी तिसऱ्या दिवसापासून पाण्याच्या बादल्या. लेबर रूममध्ये वेदना कमी करायची सोय असती तर यातली काही सिझर टळली असती, असं माझं मत आहे.

रस्ता नाही तिथे एपिड्युरल कशाला?

हा प्रश्न मला ऑफिसमध्येच विचारला गेला, आणि तो चुकीचा नाही. २०२२ मध्ये भिवंडी तालुक्यातल्याच एका आदिवासी पाड्यावरून, रस्ता नसल्यामुळे, एका गरोदर बाईला चादरीच्या झोळीतून न्यावं लागलं. वाटेतच बाळंतपण झालं आणि बाळ वाचलं नाही. ज्या तालुक्यात हे घडतं तिथे पाठीतल्या नळीची चर्चा करणं काहींना चीड आणणारं वाटेल.

पण त्या बाईला घेऊन निघालेली माणसं वेळेत रुग्णालयात पोहोचली असती तर तिथे तिला काय लागलं असतं ते बघा. गुंतागुंत असती तर २४ तास सिझर होण्याची सोय, रक्त, बाळासाठी डॉक्टर. सरकारच्याच नियमांत ज्याला प्रथम संदर्भ रुग्णालय म्हणतात त्याची ही किमान अट आहे. भूलतज्ज्ञाशिवाय ती पूर्ण होत नाही. भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण सुरू केलं होतं. ते सिझरसारख्या तातडीच्या कामासाठी होतं, कळा कमी करण्यासाठी नाही. तरी त्यातून सरकारची कबुली दिसते की हा माणूस नसेल तर बाळंतिणी मरतात.

म्हणून उपजिल्हा रुग्णालयात रात्रीचा भूलतज्ज्ञ हवा ही मागणी पाड्यावरच्या बाईची आहे आणि कल्याण रोडवरच्या फ्लॅटमधल्या बाईचीही. एकदा तो तिथे असला, त्याच्यासोबत रक्तदाब आणि ठोके बघणारी प्रशिक्षित नर्स असली, की एपिड्युरलसाठी वरून लागणारा खर्च फार उरत नाही. शहरातल्या चार-पाच लहान प्रसूतिगृहांनी मिळून रात्रपाळीचा एक भूलतज्ज्ञ ठेवणंही अशक्य नाही. अॅम्ब्युलन्स आणि ऑक्सिजन सिलिंडर वाटून घेता येतात, तर डॉक्टरची रात्र का नाही?

महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं आता रुग्णालयात होतात, असं हेच सर्वेक्षण सांगतं. बायकांना घरातून दवाखान्यात आणण्यासाठी जननी सुरक्षा योजना आली, मोफत उपचारांसाठी २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. बायका आल्या. त्या पलंगावर आडव्या झाल्यावर त्यांना काय मिळतं, हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे, आणि तो विचारायची वेळ झाली आहे.

भूलतज्ज्ञ येईपर्यंत काहीच करता येत नाही?

येतं, आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत, मागणी करणाऱ्या निरोगी गरोदर बाईला एपिड्युरल द्यावं असं म्हटलं आहे. त्याच यादीत सोबत माणूस असणं, चालणं-फिरणं, हवी ती बैठक घेणं, पाठ चोळणं, शेक, श्वासाचे व्यायाम हेही आहे. सतत कुणी सोबत असेल तर सिझर कमी होतात आणि वेदनाशामकांची गरजही कमी पडते, असं चाचण्यांमधून दिसलं आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी लेबर रूममध्ये सोबतीण ठेवायला परवानगी दिली, ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी अशी अट घालून. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सन्मानाने बाळंतपण हा भाग आहे. तरीही आई दाराबाहेर आणि मुलगी आत एकटी, हे दृश्य अजून संपलेलं नाही. आत काय ऐकावं लागतं तेही बायकांना माहीत आहे. ‘तेव्हा नाही रडलीस, मग आता कशाला?’ हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की ते कुठल्या तरी अभ्यासक्रमात शिकवतात की काय, अशी शंका येते.

सोबतीण आणि भूलतज्ज्ञ यांच्या मधला एक पर्याय आपल्याकडे फारसा वापरला जात नाही. तो म्हणजे निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन यांचं मिश्रण. ब्रिटनमध्ये ते दशकानुदशकं सुईणींच्या हाताखाली वापरलं जातं. बाई मास्क स्वतः धरते, कळ सुरू होताच ओढते, कळ ओसरली की सोडते. गुंगी, मळमळ होऊ शकते, पण परिणाम काही मिनिटांत उतरतो आणि दरवेळी भूलतज्ज्ञ लागत नाही. आराम एपिड्युरलइतका पडत नाही. खोलीत हवा खेळती हवी, नाहीतर दिवसभर तिथे काम करणाऱ्या नर्सच्या अंगात तो वायू जातो. शिवाय हा हरितगृह वायू आहे, त्यामुळे गळती न होणारी यंत्रणा लागते. एवढं सांभाळता आलं तर भिवंडीसारख्या ठिकाणी सुरुवात करायला हा पर्याय मला सगळ्यात व्यवहार्य वाटतो.

ट्रॅमाडॉल किंवा पेथिडीनसारखी इंजेक्शनंही दिली जातात. त्यांनी झोप येते, वेदना थोडीच कमी होते, आणि बाळ जन्मतः सुस्त असू शकतं. अनेक ठिकाणी असं इंजेक्शन देऊन ‘पेनलेस’ म्हटलं जातं. पाटी वाचताना हे लक्षात असू द्या.

आठव्या महिन्यात काय विचारायचं?

‘तुमच्याकडे पेनलेस आहे का?’ हा प्रश्न पुरत नाही, त्याला ‘हो’ हे उत्तर फार सोपं आहे. रात्री आणि रविवारी भूलतज्ज्ञ कुठे असतो, येायला किती वेळ लागतो, गेल्या महिन्यात किती जणींना नळी बसवली, बसवल्यानंतर रक्तदाब कोण बघतं, हे विचारा. पैसे पॅकेजमध्ये आहेत की वेगळे, तेही लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, पाठीचं ऑपरेशन झालं असेल, प्लेटलेट कमी असतील तर भूलतज्ज्ञाला आधीच एकदा भेटा. संमतीपत्र मराठी, हिंदी किंवा उर्दूत मागा. कळांच्या मध्ये इंग्रजी कागदावर घेतलेल्या सहीला मी संमती म्हणणार नाही. आणि घरच्यांशी बोलणं आताच उरकून घ्या, कारण त्या रात्री बाईचं ऐकून घ्यायला फारसं कुणी तयार नसतं.

नको असेल तर नको म्हणा. कितीतरी जणींना काहीही न घेता बाळंत व्हायचं असतं, त्या होतात आणि त्यांना त्याचा आनंद असतो. इथे मागणी एवढीच आहे की प्रत्येकीला विचारलं जावं.

विचारलं गेलं की नाही, याची नोंद ठेवायची सोय कागदावर आधीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये कळांच्या काळात भरायचा नवा तक्ता आणला. भारतातल्या ४ रुग्णालयांत त्याची चाचणी झाली, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांचा तीत सहभाग होता, आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या तक्त्यात बाळाचे ठोके, कळा, नाडी, रक्तदाब आणि दिलेली औषधं असायची. नव्या तक्त्यात बाळाच्या ठोक्यांच्याही वर चार रकाने आहेत : सोबत कुणी आहे का, वेदनेवर काही दिलं का, तोंडाने पाणी दिलं का, बाई कोणत्या स्थितीत आहे. वेदनेच्या रकान्यात तीन उत्तरं लिहिता येतात. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘तिने नको म्हटलं’. यातलं ‘नाही’ हे धोक्याची खूण म्हणून नोंदवायचं असतं, आणि नर्सने त्याभोवती गोल करायचा असतो.